सोमवारचा मास्क

नाटे गावच्या दवाखान्यात लशीची रांग. माझ्यापुढे मासे विकणारी हिरा, तिच्यापुढे तिची शेजारीण तुळसा.

"सलोनी बोलत नाय माझ्याशी, तुळसा."

"लेक नर्स झाली म्हणून काय आईशी बोलायची नाय?"

"रागावली नाय गो. गप झालीय. तिचे ड्युटीचे एन-९५ मास्क खुंटीला टांगलेले, एकेका कागदी पिशवीत. पिशवीवर वार लिहिलेले. सोमवारचा म्हणे पुढच्या सोमवारी लावायचा."

"न धुता?"

"होय तर. मला किळस आली. काल साबणाच्या कढत पाण्यात सगळे चोळले आणि सुकटीशेजारी उन्हात वाळत घातले."

"बरंच केलंस की."

"ती बघून म्हणाली, पिशवीत राहून विषाणू आपोआप मरतो. धुतला तर मास्कच मरतो, मग तो काय अडवत नाय."

"मग साबणाने हात धुवा म्हणतात ते?"

"तेच विचारलं मी. हातांचं वेगळं म्हणाली, तेव्हापासून गप."

"वेगळं कसं?"

"देव जाणे. मास्क पांढरेशुभ्र निघालेले गो."

"मग आज ड्युटीला काय लावून गेली?"

"त्यातलाच एक. दुसरे नायत तिच्याजवळ. दारातून वळून बघितलंन माझ्याकडे. हसली असेल. मास्कमागचं काय कळतं?"