एकट्याच्या होडीची शर्यत

होडीतलं आमच्या मालकांना काय कळत होतं म्हणता? दर पावसाळ्यात गूळ आटवायच्या मोठ्या काहिलीत बसून कृष्णा ओलांडायची, एवढंच. हे पलटणीबरोबर इटलीत गेलेले; लढाई थांबल्यावर तिथं साहेबांनी पाच-सहा देशांच्या शिपायांची शर्यत ठेवली, तळ्यात एकेकट्यानं होडी वल्हवायची. ह्यांनी पत्र धाडलं, “करंडक आणतो.” मी जावेच्या नाकावर टिच्चून देवघराशेजारचा कोनाडा सारवून ठेवला.

आले ते हात हलवत.

“करंडक कुठाय?”

“बंदूक वाजली, तशी बाकीची समदी तळ्याच्या लांबीनं सरळ निघाली. मी आडवा जाऊन पलीकडच्या काठाला लागलो, होडी बांधली आन् बिडी पेटवली. सायेब अलीकडनं बोंबलतोय!”

“आवं, पलीकडं जायला कुणी सांगितलं हुतं?”

“मग होडीत बसून दुसरीकडं कुठं जायचं?”

मी पदर खोचून सासऱ्यांपुढे गेले. सगळं ऐकून ते म्हणाले, “बाकीची पोचली का पलीकडं?”

“न्हाई, मामंजी.”

“मग जिंकला की गं!”

आता कोनाड्यात ह्यांच्या बिड्या असतात. जाऊ करंडकाचं विचारते, तेव्हा मी ठासून सांगते, “पलीकडं एकच गडी पोचला, आमचा.”