फोटोतलं पाणी

बसमध्ये वाटेत पाय पसरून बसणाऱ्या माणसाची मला चीड आहे. नवेगाव बांधच्या बसमध्ये पुढच्या सीटवर असाच एक पोरगा बसला होता. त्याचे नवे लाल बूट वाटेत, म्हाताऱ्यांनी ओलांडून जावं. शेजारी त्याची बायको.

"टीना, फोटो पाह्य. आज दहा किलोमीटर धावलो. तलावाच्या बांधावरून, जंगलाच्या कडेनं, मंग धानाच्या बांध्यांतून."

"तुमी तं म्हणे, आपल्या शेताच्या बांधीत पाणी घेऊन येतो."

"वाटेतच तं आहे आपली बांधी. धावाच्या ग्रुपवाले म्हणून राहिले, असा रस्ता पुण्यात भेटत नाई."

"हे पाणी चमकून राहिलं, ते कोनाची बांधी जी?"

"तेच तं सीन आहे! पाण्यात सूर्य पाह्य."

"चिचेचं झाड दिसते. हे मनिरामभाऊची होय."

"असंन."

"अन् बाजूची भेगा पडलेली?"

"उन्हाळा आहे, टीना."

"ते आपली होय! आज सकाळी पाण्याचा नंबर आपला होता. पाट फोडला काऊन नाई?"

"मधात थांबलं का टायमिंग बिघडते."

"धान पोटरीवर आला आहे, लोंब निघाची आहे. आता नंबर आठ दिवसानं. तोवर वाळून जाईन जी."

"दोनशे लाइक आले, पाह्य तं."

टीनाने तोंड खिडकीकडे फिरवलं. ज्या तलावाचं पाणी या बांध्यांना जातं, त्याच्या बांधावर आमच्या आज्याने टोपल्यांनी माती वाहिलेली. मला राहवलं नाही.

"बाबू, पाय आवर. दहा किलोमीटर धावला तू, पर आपल्या बांधीवरी नाई पोचला."