मंडळाला दिलेला कॉम्प्रेसर

मशीन उसनं द्यायचं नाव काढू नका माझ्यासमोर. एकदा दिलंय, पुरे झालं.

मी बाल्कनीत लाकडी देव्हारे करतो, माहीत आहे ना? रंग मारायला कॉम्प्रेसर घ्यायचा ठरवलं, तर खालच्या मजल्यावरचा विलास आधीच म्हणाला, "आवाज आला तर सोसायटीत तक्रार करीन हां." म्हणून मुद्दाम महागातला, कमी आवाजाचा घेतला.

गणपतीच्या महिनाभर आधी तोच विलास दारात. "मंडळाचं मखर रंगवायचंय. दे ना यार!"

दिला. एकच सांगितलं, "काम झालं की रोज टाकीखालचा स्क्रू सैल कर. आत पाणी साठतं, ते काढून टाक."

"हवेच्या मशीनमध्ये पाणी कुठून येणार रे? मला नको शिकवूस."

विसर्जनानंतरही महिनाभर वाट बघितली, शेवटी मीच जाऊन उचलून आणला. दुसऱ्या दिवशी बहिणीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. तिच्या पांढऱ्या देव्हाऱ्यावर शेवटचा हात मारायला रंगाची स्प्रे-गन दाबली, तर रंगाबरोबर तांबडं पाणी उडालं. अख्ख्या देव्हाऱ्यावर डाग. टाकी आतून गंजलेली. मेकॅनिक म्हणाला, "वापरू नका, फुटेल. भंगारात टाका."

विलासला वर बोलावून सगळं दाखवलं. "च्यायला, वाट लागली रे याची," तो म्हणाला. मला वाटलं, आता तरी सॉरी म्हणेल.

तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "आता घेशील ना, तेव्हा मोठ्या टाकीचा घे. हा आम्हाला कमी पडत होता."