फ्रीजरमधलं पाकीट

रोपांच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या. दुकानदारीणबाई त्यांना पाकीट देत होत्या.

“आजी, यात बारीक जिवंत कृमी आहेत. मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अंगात शिरून तिला मारतात. फ्रिजमध्ये ठेवा, पण फ्रीजरमध्ये नको हं. गोठले की मेले.”

“ठाऊक आहे. गेल्या वर्षी मी फ्रीजरमध्येच ठेवलं होतं.”

“अगं बाई! का हो?”

“हे म्हणाले, थंड ठेव. मला वाटलं, जितकं थंड तितकं चांगलं.”

“मग?”

“मग काय! ह्यांनी माती भिजवून, ऊन उतरल्यावर सगळं नीट ओतलं. तरी हुमणीने गुलाब खाल्लेच. चाळीस वर्षं माळीकाम केलेला माणूस, म्हणाले, माझ्या हाताचा गुण गेला. खुरपं धुऊन अडगळीत टाकलं, ते टाकलंच.”

“तुम्ही सांगितलं नाहीत?”

“चिडतील म्हणून आज सांगू, उद्या सांगू करत राहिले.”

“आता सांगून टाका. हसतील बघा. आणि हे पाकीट त्यांच्याच हातात द्या.”

“ओतायचं कसं, तेवढं मला शिकव, बाई. हे होते तोवर ते काम ह्यांचंच होतं.”