बारा महिन्यांचं वीजबिल

शिरूर कासारहून निघालेल्या एसटीत फरजानाच्या मांडीवर सीताफळांची पाटी होती आणि कान पुढच्या बाकावर. तिथं सोलर बसवणारा ख्वाजा धुळाजीची वर्षभराची वीजबिलं चाळत होता. खिडकीशी धुळाजीची बायको, ताराबाई.

"धुळाजीभाऊ, सहा महिने शून्य युनिट कावून?"

"ऊसतोडीला जातो ना. घराला कुलूप."

"मंग सरासरी पडली महिन्याला साठ युनिट. एका पॅनलात भागतंय."

"ख्वाजाभाई, बारा महिने घर उघडं धरा."

"तारा, गप. एखाद्या साली जावं लागलं तर?"

"न्हाई जायचं. नव्या म्हशी कोण बघंल?"

"म्हशी घेतल्या? मंग कडबा कापायची मोटर बी आली. तीन पॅनल लागतील, वहिनी."

"तीन लई झाली. एकच लिव्हा, ख्वाजाभाई."

"तीनच लिव्हा. दोन्ही कोयते भंगारवाल्याला देऊन आलेय मी."

"कवा?"

"सकाळी. तुमी दाढी करत होतात तवा."

एसटीनं दोन वळणं घेतली. फरजानानं पाटी घट्ट धरली.

"ख्वाजाभाई..."

"बोला, धुळाजीभाऊ."

"छपरावर चौथं बसंल का?"