दोन आडनावांची पोरगी

(फ्रेस्नो. शाळेच्या समुपदेशक हागोपियानबाईंची खोली. समोर बारावीतली इत्सेल आणि तिची आई एउलालिया.)

हागोपियानबाई : थोडक्यात काय, कागदांवर तू दोन मुली आहेस.

इत्सेल : बाई, एकीलाच पोसताना आईच्या नाकी नऊ येतात!

हागोपियानबाई : इथे दोन वर्षं शिकली ती इत्सेल बारागान. मदेरा गावच्या शाळेत त्याआधी दोन वर्षं शिकली ती इत्सेल ओल्मेदो. राज्यात तीन वर्षं शिकलीस हे दाखवलं, तर देशात राहायचे कागद नसले तरी कॉलेज इथल्या मुलांचीच फी लावतं. राज्याची मदतही मिळते. पण ती वर्षं एकाच मुलीची हवीत.

इत्सेल : नाहीतर?

हागोपियानबाई : तिप्पट फी. मदत नाही. आणि मुदत शुक्रवारपर्यंतच.

इत्सेल : म्हणजे कॉलेजच नाही. आई, मदेरात हे नाव कुणी लावलं?

एउलालिया : मी दोन्ही सांगितली होती. बारागान बापाचं, ओल्मेदो माझं. तिथल्या खिडकीतल्या बाईने शेवटचं तेवढं उचललं, इथल्यांनी पहिलं.

इत्सेल : मग सुधारून नाही घेतलंस?

एउलालिया : कागदाला हात लावला की विचारतात, कुठून आलात, कधी आलात. म्हटलं, असू दे. शिवाय... तुला माझं नाव लागलं होतं ना. बरं वाटलं मला.

इत्सेल : बरं वाटलं! माझं कॉलेज गेलं चुलीत!

हागोपियानबाई : थांब गं. मदेराचं काही आहे का, फोटो असलेलं? ओल्मेदो ती हीच, असं त्या शाळेकडून लिहून घेते.

इत्सेल : कुठलं काय! आई पाण्याचं बिलसुद्धा फाडून टाकते.

एउलालिया : बिलं फाडते. तुझं कशाला फाडेन? हा घ्या डबा, बाई.

इत्सेल : अगं, हा शिवणाचा डबा आहे!

एउलालिया : वर दोरे आहेत. खाली बघ.

हागोपियानबाई : ओळखपत्र, फोटोसकट! जन्मदाखला, दोन्ही आडनावांचा! आणि हे काय... दोन वर्षं एकही दिवस गैरहजर नाही. एउलालियाताई, तुम्ही तर सगळं कार्यालयच आणलंत!

इत्सेल : शी! या फोटोत माझे केस कुणी कापलेत?

एउलालिया : मी.

इत्सेल : दिसतंयच.

हागोपियानबाई : आता मदतीच्या अर्जावर आईचं नाव आणि सही.

एउलालिया : हा कागद कुठे जातो, बाई?

हागोपियानबाई : राज्याच्या मदत कार्यालयात. भीती वाटणार, नाही कशी म्हणू? माझे आजोबा परदेशातून इथे द्राक्षांच्या मळ्यात राबायला आले, तेव्हा पहिली सही करण्याआधी त्यांनीही हेच विचारलं होतं.

इत्सेल : आई, नको वाटत असेल तर राहू दे. खरंच.

एउलालिया : गप्प बस. चार वर्षं डबा काय दोऱ्यांसाठी जपला? पेन दे. नाव कोणतं लिहू?

इत्सेल : तुझं. सगळं.

एउलालिया : एउलालिया ओल्मेदो सान्तियान... अगं, चौकोन संपले की!

इत्सेल : मग चौकोनाबाहेर लिही, आई. या वेळी कुणाला शेवटचं तेवढं उचलू द्यायचं नाही.