थोरलीची कुंडी

सिलची : थांब आमा, ओढू नकोस! केसासारखी मुळं असतात त्याची. कुंडी आडवी कर आणि हळू थापट.

आमा : शिकव आईला! तुरा शहरात नर्स व्हायला गेलीस ना, माळीण कधी झालीस?

सिलची : बघ, मुळं काळी पडलीत. काय घातलंस?

आमा : शेणखत. दोन ओंजळी. माझी थोरली, तुझी आबी, गेली आणि हे सुकायला लागलं. एक नवा घट धरेना. म्हटलं, उपाशी असेल.

सिलची : घटपर्णी आहे ही. माशा, मुंग्या पचवून जगते. निकस मातीतली जात, खतानं जळते. आबीनं सांगितलं नव्हतं?

आमा : आता तिला विचारायला वर जाऊ? ही भुताची टोपली अंगणात नको म्हटलं होतं मी. आणलीच तिनं. आणि बाळंतपणात स्वतःच गेली. आण तो कोळसा, ते शेवाळ. हात चालव, तुझे मामा येतील.

सिलची : मी दाजींशी लग्न करणार नाही.

आमा : थोरली गेली की धाकटी तिच्या जागी बसते. आपल्यात घर लेकीचं; जावई आपण मागून आणलाय, त्याला बायको आपणच द्यायची. आणि ते दीड महिन्याचं पोर?

सिलची : मावशी आहे मी त्याची. मावशीच राहू दे.

आमा : मग मामा तुझ्या मावसबहिणीला आणून बसवतील. घर तिचं, चूल तिची. मी कोपऱ्यात.

सिलची : म्हणून मला याच कुंडीत खोचतेस?

आमा : जिभेला हाड नाही कार्टीच्या! मला काय वेगळं मिळालं? मीही माझ्या थोरल्या बहिणीच्याच जागी आले. पंधराची होते. तिचा दकमांदा दोरीवर वाळत होता, तोच मला नेसवला.

सिलची : ...हे कधी बोलली नाहीस.

आमा : तुझा बाप मरेपर्यंत मला तिच्याच नावानं हाक मारायचा. मी ओ द्यायची.

सिलची : नाही म्हणाली नाहीस?

आमा : विचारलं होतं कुणी?

सिलची : मग तू तरी विचार मला.

(फाटकाशी कुत्रं भुंकतं.)

आमा : आले वाटतं... सिलची, करशील?

सिलची : नाही.

आमा : बरं.

सिलची : आमा, घर जाईल तुझं.

आमा : ते मी बघते त्यांच्याशी. तू उठू नकोस, मुळं उघडी पडलीत. आणि पाणी पिंपातलं घाल, पावसाचं. थोरली सांगायची. मीच कधी ऐकलं नाही.